प्रार्थना आणि जमाखर्च

१८३८ सालच्या ऑगस्ट महिन्याची १८ तारीख. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं विल्सन स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर भाड्याच्या तीन घरांत सुमारें ऐंशीं अनाथ मुलें राहत होतीं. त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी शिरावर घेतलेल्या जॉर्ज म्यूलर या बत्तीस वर्षांच्या धर्मोपदेशकानें त्या दिवशीं आपल्या रोजनिशींत नोंद केली कीं, मुलांसाठीं हातांत एक पेनीहि उरलेली नाहीं आणि एकदोन दिवसांतच पुष्कळ पौंड लागणार आहेत. त्याच संध्याकाळीं त्याच पानावर दुसरी नोंद झाली. एका बाईनें पांच पौंड आणून दिले होते. आपले दागिने विकून त्यांचें मोल या मुलांना द्यावें असें तिनें पूर्वींच ठरविलें होतें. पण दागिन्यांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत किती दिवस जातील कोणास ठाऊक, आपल्याला कोणाचें देणें नाहीं, तर जवळची रोकडच आतां देऊन टाकावी, असें त्या दिवशीं सकाळीं प्रार्थना करतांना तिच्या मनांत आलें. यानंतर २० तारखेची नोंद आहे. ते पांच पौंड घरखर्चाला गेले होते आणि म्यूलर पुन्हां रिकाम्या हातीं होता.

पहिल्या दोन नोंदी घेऊन तिसरी सोडून दिली, म्हणजे चमत्काराची एक सुबक गोष्ट तयार होते. भाविक लेखकांनीं बहुधा तसेंच केलें आहे. पण म्यूलरची खरी कथा त्या तिसऱ्या नोंदींत आहे. प्रार्थना केली, पैसा आला आणि दोन दिवसांत संपला. मग पुन्हां प्रार्थना. असा क्रम त्यानें वर्षानुवर्षें चालविला आणि त्यांतील पेनी-पेनीचा हिशेब लिहून ठेवला.

म्यूलर जन्मानें इंग्रज नव्हे. प्रशियांतील क्रोपेनश्टेट या गांवीं २७ सप्टेंबर १८०५ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप सरकारी कर वसूल करणारा अधिकारी. आणि मुलाची पैशाशीं पहिली ओळख झाली ती बापाच्या हवालीं असलेल्या सरकारी रकमेंत चोरी करून. पुढें चैनीनें हॉटेलांत राहावें आणि बिल न देतां पळ काढावा, हा उद्योग त्यानें आरंभिला व सोळाव्या वर्षीं त्यापायीं तुरुंगाची हवाहि खाल्ली. हीं सर्व कृत्यें त्यानें स्वतःच छापून प्रसिद्ध केलीं आहेत, तेव्हां तीं झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. उलट, उत्तरायुष्यांत या माणसाला कर्जाचा एवढा तिटकारा कां वाटावा, हें त्यावरूनच समजतें. हाले येथील विद्यापीठांत धर्मशास्त्राचा विद्यार्थी असतांना १८२५ सालीं तो एका मित्राबरोबर घरगुती प्रार्थनासभेला गेला. तेथें एका साध्या माणसाला गुडघे टेकून देवाशीं बोलतांना त्यानें पाहिलें आणि त्याचें जीवन पालटलें. त्याच हाले गांवांत सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रांके नांवाच्या अध्यापकानें ईश्वरावर भिस्त ठेवून एक विस्तीर्ण अनाथगृह उभारिलें होतें. गरीब विद्यार्थी म्हणून म्यूलर कांहीं काळ त्याच्याच आवारांत राहिला. ती इमारत त्याच्या मनांतून पुढें कधींच गेली नाहीं.

१८२९ सालीं तो इंग्लंडांत आला आणि दुसऱ्याच वर्षीं टिनमथ येथील एका लहानशा मंडळीचा पाळक झाला. मंदिरांत पुढच्या चांगल्या जागा श्रीमंतांनीं भाड्यानें घ्याव्या व त्या भाड्यांतून पाळकाचा पगार निघावा, अशी त्या काळची वहिवाट होती. गरिबाला मागें बसवून मिळालेला पैसा म्यूलरला घेववेना. १८३० च्या ऑक्टोबरांत त्यानें ठरलेला पगार सोडला आणि मंदिरांत एक पेटी ठेविली. ज्याला जें द्यावयाचें असेल तें त्यानें पेटींत टाकावें. कोणी किती टाकलें याची चौकशी नाहीं. नुकतीच लग्न होऊन आलेली त्याची पत्नी मेरी ही या निर्णयांत त्याच्या बरोबरीनें होती. तिला हा विचार नवा नव्हता. तिचा भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्हज हा एक्झेटर येथील चांगल्या मिळकतीचा दंतवैद्य. ख्रिस्ती माणसानें संचय करूं नये अशा आशयाची एक पुस्तिका त्यानें १८२५ सालीं लिहिली होती व स्वतः सर्व सोडून तो बगदादला गेला होता. हाच ग्रोव्हज पुढें १८३३ मध्यें हिंदुस्थानांत आला आणि त्याच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें दक्षिणेंत गेलीं.

१८३२ सालीं म्यूलर ब्रिस्टलला आला, तें वर्ष पटकीचें होतें. रस्त्यांत पोरकीं मुलें दिसत. १८३४ च्या नव्या कायद्यानें निराधारांना कामगृहांत धाडण्याची व्यवस्था कडक केली होती, आणि त्या कामगृहांची कीर्ति अशी होती कीं, म्हातारीं माणसें तेथें जाण्यापेक्षां मरण बरें म्हणत. खासगी अनाथालयें होतीं. पण त्यांपैकीं अनेकांत प्रवेश मिळावयाचा तो वर्गणीदारांच्या मतांवर! ज्या पोराचे आईबाप मेले त्याच्यासाठीं आप्तांनीं दारोदार हिंडून मतें मिळवावीं, हा प्रकार आज वाचतांना खरा वाटत नाहीं.

तथापि, अनाथ मुलांची कणव हें या कार्याचें पहिलें कारण नव्हतें, असें म्यूलरनें स्वतःच स्पष्ट लिहून ठेविलें आहे. त्याच्या मंडळींत कष्टकरी आणि लहान व्यापारी लोक होते. त्यांच्या घरीं तो जाई तेव्हां एकच गाऱ्हाणें ऐकूं येई. एक जण दिवसाचे चौदा ते सोळा तास राबत होता. शरीर खंगलें होतें, मनाला शांति नव्हती. थोडें काम कमी करून देवाकडे लक्ष दे म्हटलें, तर तो म्हणे कीं मग घरचीं माणसें खातील काय? दुकानदाराला आपल्या धंद्यांतील कांहीं रीति खोट्या आहेत हें कळत होतें. पण त्या सोडल्या तर शेजारचा पुढें जाईल ही भीति होती. वृद्धांना कामगृहाचें भय. हे सारे देवाला मानणारे लोक होते, रविवारीं उपासनेला येणारे होते. पण पैशाचा प्रश्न आला कीं देव जिवंत आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. उपदेशानें हें साधणार नाहीं असें म्यूलरला दिसलें. जवळ पैसा नसलेल्या एका गरीब माणसानें कोणाजवळहि न मागतां, केवळ प्रार्थनेनें, सर्वांना डोळ्यांनीं दिसेल असें एक घर चालवून दाखविलें तर या लोकांना धीर येईल, असा त्याचा विचार होता. म्हणजे अनाथगृह हा एक प्रकारचा पुरावा होता. लहान मुलांच्या पोटाशीं असा पुरावा मांडावा काय, अशी शंका वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आणि ती पुढें १८४२ पर्यंत वाचकांची पाठ सोडीत नाहीं.

डिसेंबर १८३५ मध्यें सभा भरली. सभेंत वर्गणी गोळा केली नाहीं. नंतर लोक हळूहळू वस्तु आणूं लागले: बशा, वाट्या, कापड, कोठें एखादा शिलिंग. याच दिवसांत एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईनें शंभर पौंड पाठविले. ती प्रकृतीनें अशक्त होती आणि आठवड्यास तिला कशीबशी तीनसाडेतीन शिलिंग मजुरी मिळे. तेव्हां शंभर पौंड पाहून म्यूलर आनंदला नाहीं, घाबरला. त्यानें तिला बोलावून घेतलें आणि हें दान भावनेच्या भरांत होत नाहीं ना, उद्यां पस्तावशील तर काय, म्हणून तिची कसून उलटतपासणी केली. तेव्हां कळलें कीं तिला आजीच्या मिळकतींतून ४८० पौंड मिळाले होते. बाप कर्जबाजारी होऊन मेला होता व सावकारांनीं पौंडामागें पांच शिलिंग घेऊन खातें मिटविण्याचें मान्य केलें होतें. पण या मुलीनें उरलेली रक्कमहि फेडून टाकली, आईला शंभर पौंड दिले आणि मग हे शंभर घेऊन ती आली होती. पैसा परत करण्याचा म्यूलरचा आग्रह तिच्यापुढें चालला नाहीं. या बाईची हकीकत म्यूलरच्या साऱ्या निवेदनांत सर्वांत सुंदर आहे. श्रद्धेचा धडा देण्यासाठीं त्यानें अनाथगृह काढलें खरें; पण तो धडा आधीं त्याला एका शिवणारीनें दिला.

घर मिळालें, सामान आलें, काम करावयास माणसें मिळालीं. ३ फेब्रुवारी १८३६ हा मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला. म्यूलर दोन तास वाट पाहत बसला. एकहि अर्ज आला नाहीं! घरीं परततांना त्याच्या ध्यानांत आलें कीं आपण पैशासाठीं प्रार्थना केली, घरासाठीं केली, माणसांसाठीं केली. पण मुलांसाठीं केलीच नाहीं, कारण मुलें तर हवीं तितकीं मिळतील असें गृहीत धरलें होतें. त्या रात्रीं त्यानें तीहि प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशीं पहिला अर्ज आला. स्वतःची अशी फजिती तो मोठ्या निर्मळपणें सांगतो. ११ एप्रिल रोजीं पहिलीं मुलें घरांत आलीं.

नंतरचीं पांचसहा वर्षें अत्यंत ओढाताणीचीं गेलीं. नियम दोनच होते, पण ते विलक्षण कडक होते. मनुष्याजवळ मागावयाचें नाहीं, आणि कर्ज काढावयाचें नाहीं. पाव आणि दूध यांचे पैसे आठवड्याच्या अखेरीस देण्याची सवय होती, तीहि पुढें बंद केली. ज्या दिवशीं पैसे असतील त्या दिवशीं तेवढीच खरेदी. उधारीचा मार्ग असा बंद केल्यामुळें प्रार्थनेला मुदत राहिली नाहीं. दुपारच्या जेवणाचा पैसा दुपारपूर्वींच आला पाहिजे. १८३८ च्या सप्टेंबरांत म्यूलरनें तिन्ही घरांतील शिक्षक व दाया यांना एकत्र करून खरी स्थिति सांगितली आणि ती बाहेर कोणालाहि कळूं द्यावयाची नाहीं असें बजाविलें. त्यानंतर ही मंडळी रोज एकत्र प्रार्थना करी. पण केवळ प्रार्थना करून ती थांबत नसे. प्रत्येकानें आपल्या पेटींतला शिलिंग काढून द्यावा, पगार मिळाला तर मिळाला, नाहीं तर मागूं नये, ज्या वस्तूवांचून चालेल ती विकावी. मुलांना एक जेवण चुकलें असें कधीं झालें नाहीं, असें म्यूलर अभिमानानें सांगतो. तें खरेंच आहे. पण कित्येक दिवशीं तें जेवण आकाशांतून आलें नाहीं, त्या घरांत राबणाऱ्या बायांच्या गाठोड्यांतून आलें, हेंहि त्याच वहींत लिहिलेलें आहे. दोन्ही गोष्टींत त्याला विरोध दिसला नाहीं. ज्यानें प्रार्थना करावयाची त्यानें आधीं आपला खिसा उलटा करून पाहावा, हा त्याचा सरळ हिशेब होता.

येथें टीकाकारांचा एक आक्षेप फार जुना आहे. म्यूलर कोणाजवळ मागत नव्हता हें ठीक. पण दर वर्षीं तो अहवाल छापी, त्यांत आपली तंगी आणि ईश्वराची कृपा यांचें तारीखवार वर्णन करी. हें मागणें नव्हे तर काय? आक्षेप खोटा नाहीं. अहवाल वाचून लोक देणग्या पाठवीत हें उघड आहे. परंतु या आक्षेपाला तो स्वतः किती भीत होता, हें १८४१ च्या डिसेंबरांत दिसून आलें. अहवालाची व सभेची वेळ आली होती आणि नेमकी त्याच वेळीं तिजोरी रिकामी होती. आतां अहवाल वाचला तर तो याचनाच होईल, म्हणून म्यूलरनें सभा पुढें ढकलली. एक आठवडा नव्हे, कित्येक महिने. जो एक मार्ग मोकळा होता तोहि त्यानें अगदीं गरजेच्या घटकेस आपल्या हातानें बंद केला. तो हिंवाळा आणि त्यानंतरचा वसंत हा सर्व काळांत कठीण गेला. याच सुमारास, १८४२ मध्यें, एका सधन स्नेह्याचें पत्र आलें: आपण होऊन मागत नाहीं हें मला ठाऊक आहे, पण विचारलें असतां सांगावयास काय हरकत आहे, सध्यां संस्थेस गरज आहे काय? त्या दिवशीं हातीं कांहीं पेन्स होते. म्यूलरनें उत्तर लिहिलें कीं निधीच्या स्थितीविषयीं आपणास कांहीं सांगतां येत नाहीं. पत्र टाकल्यावर त्यानें गुडघे टेकले आणि, मी त्याला सांगितलें नाहीं, तूंच सांग, अशा अर्थाची प्रार्थना केली. कांहीं दिवसांनीं त्या गृहस्थाचे शंभर पौंड आले. तेव्हां घरांत एक पेनीहि नव्हती.

ते आले नसते तर? इतिहासाला या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, आणि म्यूलरची वहीहि तें देत नाहीं. ब्रिस्टलांतच त्या वर्षीं ज्या विधवा प्रार्थना करून उपाशी निजल्या असतील त्यांची रोजनिशी कोणी छापलेली नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवूनहि एवढें म्हणावें लागतें कीं, म्यूलरनें आपल्या श्रद्धेची परीक्षा दुसऱ्याच्या पैशांवर घेतली नाहीं. न दिलेल्या बिलावर प्रार्थनेचें पांघरूण घालणारे भाविक पुष्कळ असतात. त्यांत तो बसत नाहीं.

पुढची वाढ सर्वश्रुत आहे. शेजाऱ्यांनीं मुलांच्या गलबल्याबद्दल १८४५ सालीं सभ्य शब्दांत तक्रार केली आणि म्यूलरला ती रास्त वाटली. गांवाबाहेर ॲश्ले डाउन या टेकाडावर १८४९ मध्यें तीनशें मुलांची इमारत उभी राहिली. १८७० पर्यंत अशा पांच इमारती होऊन दोन हजार पन्नास मुलांची सोय झाली. हयातींत त्यानें सुमारें दहा हजार मुलें सांभाळलीं आणि त्याच्या हातून निरनिराळ्या कार्यांसाठीं दहा लाखांहून अधिक पौंड खर्च झाले. १० मार्च १८९८ रोजीं तो वारला तेव्हां त्याची स्वतःची मालमत्ता दोनशें पौंडांचीहि भरली नाहीं. त्याच्या नांवावर सांगितली जाणारी सर्वांत प्रसिद्ध कथा, म्हणजे मुलें रिकाम्या ताटांपुढें बसलीं असतां पाववाला दारांत आला आणि दूधवाल्याची गाडी समोरच मोडली ही, त्याच्या निवेदनावर आधारलेली नाहीं. ती एका परिचित स्त्रीनें पुढें सांगितलेली बालपणची आठवण आहे. संस्थेला मर्यादाहि होत्या. आईबाप दोघेहि वारलेले असावेत आणि मूल विवाहसंबंधांतूनच झालेलें असावें, असा नियम होता. ज्या मुलांना समाजानें सर्वांत आधीं झिडकारलें होतें त्यांना हें दार बंद राहिलें, हें या कार्यांतील व्यंग होय.

या वहीची एक प्रत पुण्यासहि पोंचली होती. पंडिता रमाबाई यांनीं १९०७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत लिहिलें आहे कीं, म्यूलरचें वृत्त, चीनमधील एका मिशनची हकीकत आणि जॉन पेटन या मिशनऱ्याचें चरित्र, हीं तीन पुस्तकें वाचून आपण विचारांत पडलों: जो देव इतर देशांत असा विश्वास ठेवूं देतो तो हिंदुस्थानांतहि ठेवूं देईल काय? रमाबाईंच्या मुखीं हा प्रश्न वेगळ्या वजनाचा होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं जवळचें द्रव्य तीर्थयात्रा, दानें आणि अनुष्ठानें यांत वेंचलें. आणि मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतरानें उपासमारीनें गेलीं. धर्माधर्मांची तुलना करण्याचें हें स्थळ नव्हे. पण प्रार्थना केली आणि अन्न आलें नाहीं, याचा अनुभव म्यूलरपाशीं नव्हता. तो रमाबाईंपाशीं सोळाव्या वर्षींच होता.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदासदन पुढच्या वर्षीं पुण्यास आलें. त्याचा खर्च अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशनवर होता. पण तिनें जबाबदारी घेतली होती ती दहा वर्षांची, म्हणजे १८९८ पर्यंतची. धर्मांतराच्या वादांत १८९३ मध्यें सल्लागारांनीं अंग काढून घेतलें होतें व पुष्कळ मुली परत नेल्या गेल्या होत्या. तेव्हां येथील समाजाकडून मदतीची आशा नव्हती. पुढची तरतूद म्हणून रमाबाईंनीं पुण्यापासून पस्तीसएक मैलांवर केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली. तेथें फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावें, असा बेत होता. बेत शहाणपणाचा होता.

इतक्यांत १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील हालांच्या वार्ता ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत त्यांनीं ज्या मुली पाहिल्या, त्यांना तेथें उपाशी मरणें आणि दुष्टांच्या हातीं पडणें, यांखेरीज तिसरी वाट नव्हती. असोसिएशनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठीं ठरलेला. या मुलींसाठीं पैशाची तरतूद नव्हती. तरी तीनशें मुली आणावयाच्या असें रमाबाईंनीं ठरविलें. म्यूलरच्या मुलांना ओळखपत्रें होतीं, जन्माचे दाखले होते. या मुलींच्या अंगावर धड चिंधीहि नव्हती, आणि जात किंवा जन्म कोणी विचारला नाहीं. दुसराहि एक भेद सांगितला पाहिजे. रमाबाईंनीं म्यूलरचें मौन जसेंच्या तसें उचललें नाहीं. दुष्काळांत काय पाहिलें तें त्यांनीं लिहिलें व तें छापलें गेलें. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अशीं कामें काढून त्यांनीं मुलींच्या हातांना काम दिलें. १९०० मध्यें गुजराथचा दुष्काळ आला तेव्हां मुक्तिसदनांतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

त्या पहिल्या तीनशें मुलींना पुण्यांत ठेवणें शक्य झालें नाहीं. शहरांत प्लेग शिरला होता, बाहेरून माणसें आणून ठेवण्यास अधिकारी परवानगी देईनात. मग केडगांवच्या त्या जमिनीची आठवण झाली. जिच्या उत्पन्नावर १८९८ नंतर शारदासदन चालावयाचें, त्या शेतांत घाईघाईनें छपरें उभीं राहिलीं, आणि मध्यप्रांतांतून आलेल्या मुली त्यांखालीं राहूं लागल्या.